डाव आपला, सर्व्हर त्यांचा

जून 2013 मध्ये सोनी कंपनीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. जेमतेम 22 सेकंदांची. प्लेस्टेशन 4 चा गेम मित्राला कसा द्यायचा, हे दाखवणारी. पडद्यावर कंपनीचे दोन अधिकारी, शुहेई योशिदा आणि ॲडम बॉईस, समोरासमोर उभे. एकाच्या हातात गेमची डबी. तो ती पुढे करतो, दुसरा घेतो आणि आभार मानतो. चित्रफीत संपली. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या जगभरच्या लोकांनी ती डोक्यावर घेतली, सामना जिंकल्यासारखी एकमेकांना पाठवली.

आमच्या हिंगोलीत गेमची सीडी अशीच हातोहात फिरायची. दप्तरात, वहीच्या पानांत दडवून ती या घरातून त्या घरात जायची आणि ओरखडे घेऊन परत यायची. मग एवढ्या साध्या गोष्टीचा एवढा आनंद का व्हावा? कारण आधीच्या तीन आठवड्यांत ही साधी गोष्टच बंद पडायची वेळ आली होती. सोनीची प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्ट. तिच्या नव्या यंत्रासाठी तिने अट घातली होती की ते 24 तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडलेच पाहिजे. नाहीतर गेम चालणार नाही. रोख पैसे मोजून आणलेल्या वस्तूसाठी रोज कुणाची तरी परवानगी घ्यायची! ही अट एका रात्रीत जन्मली नव्हती. तिच्यामागे दहा वर्षांची ओढाताण होती, आणि नंतर तीच अट वेगळ्या वेशात आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसली.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. त्या सुमाराला इथल्या मुलांना माहीत असलेला व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा, चिनी बनावटीचा डबा. दसऱ्याच्या प्रदर्शनात हट्ट धरून तो घ्यायचा. त्यात खोचायच्या प्लॅस्टिकच्या वडीला सगळे कॅसेट म्हणत. कॅसेटवर ‘9999999 इन 1’ असे छापलेले असे आणि आत खरे गेम निघत दहा-बारा. मारिओ असे, काँट्रा असे. चित्र आले नाही की कॅसेट काढायची, तिच्या तोंडाशी जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. भारनियमनात वीज गेली की डाव बुडायचा. वीज आली की पुन्हा पहिल्या पातळीपासून मांडायचा. राग यायचा तो वीज मंडळाचा. पण कॅसेट आणि खेळणारा यांच्यामध्ये तिसरे कुणी नव्हते.

पुढे नेट कॅफे आले. कॅफेतल्या निम्म्या खुर्च्यांवर मुले व्हाइस सिटी, प्रोजेक्ट आयजीआय, नीड फॉर स्पीड खेळत बसलेली असत. यातला क्वचितच एखादा गेम विकत आणलेला असे. एका सीडीच्या दहा सीड्या होत, पुढे पेनड्राइव्ह आल्यावर तेवढेही कष्ट उरले नाहीत. हे कबूल केल्याशिवाय पुढची हकिगत प्रामाणिकपणे सांगता येणार नाही, कारण कंपन्यांनी जे काही केले त्याचे पहिले कारण ही नक्कल होती. हिंगोलीत जे चालले होते तेच थोड्याफार फरकाने मनिलात, मॉस्कोत आणि मॅड्रिडमध्ये चालले होते. शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबून एक गेम तयार करतात आणि बाजारात आल्याच्या दिवशी तो फुकट उतरवून घेतला जातो, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. ऑगस्ट 2012 मध्ये यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे प्रमुख ईव्ह गिलेमो यांनी तर संगणकावरच्या गेमच्या चोरीचे प्रमाण 93 ते 95 टक्के असल्याचे एका मुलाखतीत सांगितले. हा आकडा कंपनीचा स्वतःचा, त्यामुळे तो जपूनच घ्यायला हवा. पण कंपन्या कोणत्या भीतीपोटी वागत होत्या ते त्यावरून कळते.

पहिले मोठे पाऊल पडले ते 16 नोव्हेंबर 2004 रोजी. त्या दिवशी व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ 2’ आला. दुकानातून डिस्क आणली तरी तो सुरू करण्याआधी कंपनीच्या स्टीम या सेवेवर इंटरनेटमार्फत त्याची नोंद करावी लागे. पहिल्याच दिवशी नोंदणीसाठी एवढी झुंबड उडाली की सर्व्हर कोलमडले आणि डिस्क हातात धरून लोक ताटकळत बसले. पण ही नोंद एकदाच करायची होती. गेमही अफलातून होता. लोकांनी राग गिळला.

2008 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, म्हणजे ईएने, ‘स्पोर’ आणि ‘मास इफेक्ट’ या गेमची दर 10 दिवसांनी इंटरनेटवरून पडताळणी करायचे ठरवले होते. आरडाओरडा झाल्यावर ती कल्पना मागे घेतली, पण स्पोर फक्त तीन वेळा संगणकावर चढवता येईल अशी मर्यादा ठेवली. लोकांनी ॲमेझॉनवर स्पोरला एका ताऱ्याच्या अभिप्रायांनी झोडपले. आणि त्या वर्षी सर्वाधिक चोरला गेलेला गेम कोणता ठरला? स्पोरच. कुलूप जेवढे मोठे केले तेवढी चोरी वाढली. कंपन्यांनी यातून धडा घेतला तो उलटा: कुलूप दारावर पुरत नसेल तर दारात कायमचा पहारेकरी बसवा.

तो पहारेकरी 2010 मध्ये यूबीसॉफ्टने बसवला. ‘असॅसिन्स क्रीड 2’ आणि ‘सायलेंट हंटर 5’ हे दोन गेम एकट्याने खेळायचे. एकात पंधराव्या शतकातला इटली, दुसऱ्यात महायुद्धातली पाणबुडी. खेळताना दुसऱ्या कुणाशी संबंध येण्याचे कारण नाही. तरीही खेळ चालू असेपर्यंत संगणक कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असलाच पाहिजे, असा नियम झाला. जोडणी तुटली की खेळ जागच्या जागी थांबे आणि सुरुवातीला तर मागच्या टप्प्यावर परत नेऊन ठेवी. 7 मार्च 2010, रविवार. सुट्टीच्या दिवशी लोक खेळायला बसले आणि यूबीसॉफ्टचे सर्व्हरच बंद पडले. आमच्या सर्व्हरवर हल्ला झाला, असे कंपनीने सांगितले. पैसे भरून गेम घेतलेले लोक तो दिवस कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. काही आठवड्यांतच दोन्ही गेमच्या चोरट्या प्रती पूर्णपणे चालू लागल्या होत्या, आणि त्यांना सर्व्हरची गरज नव्हती.

सगळ्या रागाचे मूळ इथे आहे. ज्याने चोरले त्याचा गेम विनासायास चालला. ज्याने विकत घेतला तो सर्व्हरच्या दारात उभा राहिला. सप्टेंबर 2012 मध्ये यूबीसॉफ्टने सांगितले की कायम जोडलेले राहण्याची ही अट आपण आता वापरत नाही. तोपर्यंत बाकीच्या कंपन्या याच रस्त्याला लागल्या होत्या, फक्त त्यांची कारणे वेगळी होती.

15 मे 2012 रोजी ब्लिझार्ड कंपनीचा ‘डायाब्लो 3’ आला. बारा वर्षे लोक त्याची वाट पाहत होते. पहिल्या 24 तासांत 35 लाख प्रती खपल्या आणि त्यातल्या असंख्य लोकांना पडद्यावर दिसली ती एक चौकट: एरर 37. सर्व्हर व्यग्र आहेत, नंतर प्रयत्न करा. हा गेम एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरवरच चालायचा. कारण म्हणून आता चोरीसोबत फसवेगिरी रोखण्याचे नाव घेतले गेले. गेममधल्या तलवारी-चिलखतांची खऱ्या पैशांत खरेदी-विक्री होणारी पेठ कंपनीने उघडली होती आणि तिथे बनावट माल येऊ नये म्हणून सगळे हिशेब आपल्याकडे ठेवले होते. कंपनीचे सर्व्हर अमेरिका, युरोप आणि आशिया अशा तीन विभागांत होते. भारतात एकही नव्हता. इथून खेळणाऱ्याची प्रत्येक टिचकी समुद्र ओलांडून जायची आणि परत यायची. आपण वार केला तो पोचेपर्यंत राक्षस आपल्याला मारून मोकळा व्हायचा. दक्षिण कोरियात ग्राहकांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीच्या कार्यालयाची झडती घेतली आणि कंपनीला पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली. ती पेठ मार्च 2014 मध्ये ब्लिझार्डने स्वतःच बंद केली. त्याआधी, सप्टेंबर 2013 मध्ये, हाच गेम प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 साठी आला आणि तिथे तो इंटरनेटशिवाय सुरळीत चालला.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ‘सिमसिटी’चे प्रकरण. शहर वसवायचा हा गेम. नळ टाका, रस्ते आखा, कर बसवा, कचरा उचला. 1989 पासूनचा हा खेळ एकट्याने, निवांत, रात्र-रात्र खेळायचा म्हणून लोकांना प्रिय होता. 5 मार्च 2013 रोजी मॅक्सिस आणि ईए यांनी त्याची नवी आवृत्ती आणली आणि ती सतत ऑनलाइन असण्याच्या अटीवर. पहिल्याच दिवशी रांगा लागल्या. शहर उघडायला वीस-वीस मिनिटे थांबायचे, आणि उघडले तर तासाभराची मेहनत सर्व्हरच्या गोंधळात पुसलेली. भार कमी करण्यासाठी कंपनीने गेममधला सर्वांत वेगवान वेळ, ज्याला ‘चित्ता’ म्हणत, तोच बंद करून टाकला. दुकानात गर्दी झाली म्हणून दुकानदाराने तराजूच काढून टाकावा, त्यातली ही गत. ॲमेझॉनने काही काळ गेमची विक्री थांबवली.

मॅक्सिसच्या प्रमुख लूसी ब्रॅडशॉ यांनी सांगितले की शहराचे बरेचसे गणित कंपनीच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे इंटरनेटशिवाय हा गेम चालवायचा तर अभियांत्रिकीचे प्रचंड काम करावे लागेल. काही दिवसांतच एका हौशी तंत्रज्ञाने गेमच्या फायलींत फेरफार करून दाखवले की शहर जोडणीशिवायही चालू राहते. कंपनीने ग्राहकांची माफी मागितली, एक गेम फुकट दिला. आणि मार्च 2014 मध्ये, म्हणजे वर्षभराने, सिमसिटीला जोडणीशिवाय खेळण्याची सोय अधिकृतपणे दिली. आधी जे जवळजवळ अशक्य म्हणून सांगितले होते ते होऊ शकत होते. पण तोवर लोक पांगले होते. मार्च 2015 मध्ये मॅक्सिसचे एमरीव्हिलचे मूळ कार्यालय बंद झाले. त्याला एकच कारण नव्हते, पण सिमसिटीच्या नावाला जो बट्टा लागला तो पुसला गेला नाही.

सिमसिटीचा धुरळा खाली बसायच्या आत, 21 मे 2013 रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. जूनच्या पहिल्या आठवड्यात अटी समोर आल्या. आपल्या यंत्रावर 24 तासांत एकदा इंटरनेटवरून हजेरी लावायची. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला गेम खेळायचा असेल तर दर तासाला. गेम कुणाला द्यायचा असेल तर तो आपल्या मित्रयादीत किमान 30 दिवस असलेला हवा, आणि एक गेम एकदाच देता येईल. लोकांनी विचारले, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचे? दूरच्या तळांवर, समुद्रावर असणाऱ्या सैनिकांचा प्रश्न निघाला. मायक्रोसॉफ्टच्या या विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी एका मुलाखतीत उत्तर दिले की, ज्यांना जोडणी मिळत नाही त्यांच्यासाठी आमचे एक यंत्र आहेच, त्याचे नाव एक्सबॉक्स 360. म्हणजे जुने यंत्र वापरा.

हे उत्तर हिंगोलीहून ऐकायला कसे वाटले असेल? एक्सबॉक्स वनच्या पहिल्या देशांच्या यादीत भारत नव्हताच. इथे तो आला सप्टेंबर 2014 मध्ये. त्याच 2013 च्या जुलैत आपल्या सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग 256 वरून 512 केबीपीएस केला. हे कागदावरचे. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या गावात त्या वेळी मोबाइलवर रेंजची एक काडी यायची तीही पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिल्यावर. पावसाळ्यात कुठे केबल तुटली की तालुक्याचे नेट दिवसभर गायब. ज्या जिल्ह्यात बहुसंख्य लोकवस्ती खेड्यांत आहे, त्याच्यासाठी 24 तासांची अट म्हणजे सरळ नकार होता. मॅट्रिक यांना हिंगोली ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मिनेसोटाच्या शेतावरचा मुलगा आणि आमच्या कळमनुरीचा मुलगा त्या एका वाक्याने एकाच रांगेत उभे राहिले.

10 जूनच्या संध्याकाळी लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे आपल्याकडे 11 जूनच्या सकाळी, सोनीच्या मंचावरून जॅक ट्रेटन यांनी जाहीर केले की प्लेस्टेशन 4 वर अशी कोणतीही हजेरी नसेल आणि डिस्क ज्याची तो ती विकू शकेल, देऊ शकेल. सभागृह टाळ्यांनी दणाणले. यंत्रही 100 डॉलरनी स्वस्त होते. सुरुवातीला सांगितलेली 22 सेकंदांची चित्रफीत त्याच दिवशीची. 19 जूनला मायक्रोसॉफ्टने अट मागे घेतली. जुलैत मॅट्रिक कंपनी सोडून गेले. ग्राहक म्हणून एवढा झटपट, एवढा स्वच्छ विजय खेळणाऱ्यांना पुन्हा मिळाला नाही.

कारण युद्धाची जागाच बदलली. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झाले, वर्ष-दोन वर्षांत गावोगावच्या पोरांच्या हातात स्वस्त डेटा आला, आणि मार्च 2018 मध्ये पबजी मोबाइल आला. शंभर जण विमानातून बेटावर उडी मारतात आणि शेवटी एक उरतो. हा खेळ मुळातच ऑनलाइन. शंभर माणसे एकत्र खेळायची तर सर्व्हर लागणारच, इथे अट अन्याय्य नव्हती. पैसेही लागत नव्हते. त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. पण एक गोष्ट गपचूप हरवली, ती म्हणजे खेळ थांबवायचे बटण. कॅसेटवरचा मारिओ थांबवून जेवायला जाता येत असे. पबजी थांबत नाही. तुम्ही उठलात तरी बाकीचे 99 जण थांबत नाहीत. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, पोरगा ‘आलो, आलो’ म्हणत राहतो आणि भाकरी गार होते, हे दृश्य त्या दोन वर्षांत मी कितीतरी घरांत पाहिले. मुलांच्या बेशिस्तीवर बोलणारे पुष्कळ होते. थांबता न येण्याची रचना कुणी केली, याबद्दल फार थोडे बोलले.

16 मार्च 2019 च्या संध्याकाळी हिंगोली शहराच्या खटकाळी बायपास भागात रेल्वेरुळाजवळ विशीतल्या दोन तरुणांचा हैदराबाद-अजमेर गाडीखाली मृत्यू झाला. ते मोबाइलवर पबजी खेळत होते, असे पोलिसांच्या हवाल्याने देशभरच्या वृत्तपत्रांत आले. हिंगोलीचे नाव अशा कारणाने साऱ्या देशात जावे याचे दुःख गावाला आजही आहे. त्या घरांच्या दुःखावर कुठलाही सिद्धांत बांधणे बरे नव्हे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एका 11 वर्षांच्या मुलाच्या वतीने पबजीवर बंदी घालावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. म्हणजे काळजी घराघरांत होती.

बंदी आली, पण वेगळ्याच कारणाने. चीनसोबतच्या सीमेवरच्या तणावानंतर 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 अ खाली 118 ॲप बंद केली, त्यात पबजी मोबाइल होता. ज्यांच्या फोनवर तो आधीपासून होता त्यांचा खेळ काही आठवडे चालू राहिला, आणि 30 ऑक्टोबर 2020 ला भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हर बंद झाले. कंपनीने ‘आपले’ म्हणून विकलेले सगळे त्या दिवशी गायब झाले. रॉयल पास, पोशाख, बंदुकांचे रंग. कुणी रिचार्जचे पैसे वाचवून, कुणी सोयाबीन काढणीच्या मजुरीतून हे घेतलेले. नव्या नावाने, बीजीएमआय म्हणून, तोच खेळ 2 जुलै 2021 ला परतला आणि जुन्या खात्यातला ऐवज नव्या खात्यात नेण्याची सोय मिळाली. मग 28 जुलै 2022 ला तोही ॲपच्या दुकानांतून हटला. मे 2023 मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या बोलीवर पुन्हा आला, या वेळी रोजच्या खेळाला तासांची मर्यादा घालून. सरकारच्या निर्णयामागे सुरक्षेचे कारण होते आणि ते तोलणे हा या लेखाचा विषय नाही. पण सर्व्हरवर बांधलेला खेळ किती सहज काढून घेता येतो, हे भारतातल्या कोट्यवधी मुलांना तेव्हा एकाच वेळी कळले.

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद केले गेले. तिथल्या नातेवाइकांशी बोलताना कळत होते, मुले घरात अडकून बसली आहेत आणि फोनवरचे एकेक ॲप उघडून बघताहेत की यातले चालते काय. चालत होता लुडो किंग. नवी मुंबईतल्या गेमशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने 2016 मध्ये आणलेला हा खेळ एकाच फोनवर चौघांनी फोन पुढे सरकवत खेळता येतो, नेट असो वा नसो. ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेमही एकट्याने, आपल्या वेळेने खेळायचा. पबजीवर बंदी आली त्याच मोसमात हा आला. आपल्याच राज्यातले लोक असा खेळ बनवू शकतात, हे सांगायला ही दोन नावे पुरेत.

मोठ्या कंपन्यांना मात्र 2013 चा विसर पडला होता. मार्च 2022 मध्ये सोनीच्याच ‘ग्रॅन टुरिस्मो 7’ चे सर्व्हर एका सुधारणेच्या वेळी दीड दिवसाच्या आसपास बंद राहिले आणि एकट्याने मोटार पळवणाऱ्यांचाही बहुतेक खेळ बंद झाला. ज्या सोनीला नऊ वर्षांपूर्वी टाळ्या मिळाल्या होत्या तिच्याकडून हे घडले. नंतर तिने माफी मागून खेळाडूंना गेममधली 10 लाखांची खोटी रक्कम दिली.

खरा घाव यूबीसॉफ्टने घातला. तिचा ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम डिसेंबर 2014 चा. संपूर्ण अमेरिका छोट्या प्रमाणात रेखाटलेली, वाटेल तिकडे गाडी काढा. एकट्याने खेळता येण्याजोगा, तरी सतत सर्व्हरला बांधलेला. 14 डिसेंबर 2023 ला विक्री थांबली आणि 31 मार्च 2024 ला सर्व्हर कायमचे बंद झाले. डिस्क कपाटात तशीच, पण तिच्यात आता काही नाही. पुढे काही जणांच्या ऑनलाइन संग्रहातून त्या गेमचा परवानाही काढून घेतला गेला. रॉस स्कॉट नावाच्या, यूट्यूबवर जुन्या गेमबद्दल बोलणाऱ्या एका माणसाने एप्रिल 2024 मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी साधी होती: सर्व्हर अनंतकाळ चालवा असे आम्ही म्हणत नाही, पण बंद करताना गेम चालू स्थितीत ठेवून जा. युरोपीय संघात नागरिकांच्या अधिकृत निवेदनाला 10 लाख सह्या लागतात. वर्षभर सह्या रेंगाळल्या, आणि जुलै 2025 मध्ये, मुदत संपायच्या महिन्यात, तो आकडा ओलांडला गेला. यूबीसॉफ्टने ‘द क्रू 2’ ला जोडणीशिवाय खेळण्याची सोय देण्याचे सप्टेंबर 2024 मध्येच जाहीर केले होते. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदा आहे की परवाना विकत असाल तर ‘खरेदी’ हा शब्द वापरताना हा फक्त परवाना आहे असे ग्राहकाला स्पष्ट सांगा.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, तो पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा. त्याची गरज होतीच. मराठवाड्यात अशा खेळांपायी कर्जात बुडालेली माणसे आपण पाहिली आहेत. पण विकलेला गेम बंद पाडण्याबद्दल त्यात काही नाही. आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चा. वाजवी कारण नसताना एकतर्फी करार संपवण्याचा हक्क राखून ठेवणारी अट त्या कायद्यातल्या ‘अनुचित करार’ या व्याख्येत बसू शकते. गेमच्या ‘मान्य आहे’ या बटणामागे दडलेल्या पानांत नेमकी तशीच वाक्ये असतात.

रेशन दुकानात अंगठा ठेवून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकून माघारी फिरलेल्या माणसाला या रागाची वेगळी फोड करून सांगावी लागत नाही. चोरी रोखण्याचा कंपन्यांना अधिकार आहे. शंभर जणांच्या खेळाला सर्व्हर लागतो हेही खरे. पण एकट्याने खेळायच्या गेमला कायम दोरी बांधून ठेवणे आणि मन मानेल तेव्हा ती कापणे, याचे समर्थन या वीस वर्षांतल्या एकाही घटनेने केलेले नाही. सिमसिटीपासून डायाब्लोपर्यंत, जिथे जिथे ‘होऊ शकत नाही’ म्हणाले तिथे तिथे ते नंतर झाले.

तेव्हा या दिवाळीला मुलासाठी गेम घेणार असाल तर डबीच्या मागची किंवा ॲपच्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ आधी वाचा: इंटरनेट आवश्यक आहे का, आणि असेल तर कायम की एकदाच. दुकानदाराला मोठ्याने विचारा. पैसे देऊन घेतलेला गेम पुढे बंद पाडला गेला तर पावती आणि पडद्याचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार मराठीतून करता येते.